न झिजणारं टेबल

फोन हातात आहेच, तर टॉर्च लावा आणि घरातल्या जेवणाच्या टेबलाखाली डोकं घाला. हसू नका. अमेरिकेत १९५०च्या दशकातल्या स्वयंपाकघरातल्या टेबल-खुर्च्या शोधत हिंडणारे लोक आधी हेच करतात. वरचा भाग कुणीही पुसून चकाचक करेल, खरी माहिती खालच्या बाजूला असते. तिथे न्यूयॉर्क राज्यातल्या ओलियन गावची डेस्ट्रॉम किंवा इलिनॉयमधल्या सेंट चार्ल्सची हॉवेल अशा कारखान्याचं लेबल सापडलं, की त्यांचा दिवस सार्थकी लागतो.

हे टेबल कसं होतं? वाकवलेल्या पोलादी नळीचे पाय, त्यावर क्रोमचा मुलामा. वर लाल, पिवळा नाहीतर राखाडी फॉर्मायका आणि कडेने रेघारेघांची धातूची पट्टी. सोबत चार खुर्च्या, रेक्झिनच्या गुबगुबीत बैठकीच्या. पाहुणे आले की टेबल मधून ओढायचं आणि जास्तीची फळी बसवायची. या सगळ्या सेटला तिकडे ‘डिनेट’ म्हणतात.

पण फॉर्मायका मुळात स्वयंपाकघरासाठी नव्हताच! १९१२ साली पिट्सबर्गमध्ये, वेस्टिंगहाऊस कंपनीत हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओ’कॉनर हे दोन तरुण इंजिनिअर विजेच्या यंत्रांवर काम करत होते. तेव्हा इन्सुलेशनला अभ्रक वापरायचे. अभ्रक म्हणजेच मायका, आणि ते जगाला पुरवण्यात आपला देश आघाडीवर, विशेषतः आजच्या झारखंडमधला कोडरमाचा परिसर. या दोघांनी राळेत भिजवलेले थर दाबून, तापवून अभ्रकाला पर्याय काढला. ‘फॉर मायका’, म्हणजे अभ्रकाच्या जागी. झालं, फॉर्मायका! १९१३मध्ये त्यांनी सिनसिनाटीला स्वतःची कंपनी काढली. पहिली गिऱ्हाइकं मोटारींचे सुटे भाग घेणारी होती, गृहिणी नव्हेत.

सुरुवातीची राळ काळपट तपकिरी होती, त्यामुळे फिके, हसरे रंग जमत नसत. १९३८च्या सुमारास मेलामाइन आलं आणि हा प्रश्न सुटला. मेलामाइन पारदर्शक आणि टणक. खाली तपकिरी कागदाचे थर, त्यावर रंगीत छापील कागद, आणि सगळ्यात वर मेलामाइनचं पातळ कवच. ही रचना लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग दुसरं महायुद्ध आलं. धातू लढाईकडे वळला, घरगुती फर्निचरला पोलाद मिळेना. युद्ध संपलं आणि सरकारी हमीच्या कर्जावर परतलेले सैनिक घरं घेऊ लागले. १९४७ला लाँग आयलंडवर लेव्हिटटाऊन उभं राहायला लागलं, त्यातली पहिली घरं जेमतेम ७५० चौरस फुटांची. (करारात अटच होती की तिथे गोऱ्यांनीच राहायचं. या रंगीबेरंगी काळाबद्दल बोलताना हे विसरून चालत नाही.) वेगळी जेवणाची खोली नाही, त्यामुळे टेबल स्वयंपाकघरातच. त्याच टेबलावर कणीक, गृहपाठ, बिलं, भांडणं. डाग पडला तर ओलं फडकं फिरवलं की काम झालं. रोज टेबलक्लॉथ धुणाऱ्या बाईला ही केवढी सुटका!

आता खरी गंमत ऐका. फॉर्मायकाचं सगळ्यात गाजलेलं डिझाइन म्हणजे बूमरँगसारखे आकार एकमेकांवर तरंगणारं ‘स्कायलार्क’, साल १९५०. त्याचं श्रेय जातं मिलवॉकीच्या ब्रुक्स स्टीव्हन्सला. हाच माणूस १९५४पासून व्याख्यानांतून सांगत फिरला, की वस्तू मोडण्याची वाट कशाला बघायची? गिऱ्हाइकाला गरजेच्या थोडं आधीच नवं हवंसं वाटलं पाहिजे. म्हणजे न झिजणाऱ्या पत्र्यावर नक्षी काढली कुणी, तर आवड झिजवायची कला शिकवणाऱ्याने!

आणि झालंही तसंच. पुढे लाकडी रूपाची फॅशन आली, क्रोम जुनाट वाटू लागला. टेबल मोडलेलं नव्हतं, म्हणून टाकवेना. ते तळघरात गेलं, कपडे घड्या घालायला नाहीतर रंगाचे डबे ठेवायला. म्हातारी माणसं गेल्यावर मुलं घरातलं सामान विकायला काढतात, तेव्हा ही टेबलं आजही सापडतात, बरीचशी धडधाकट.

दुरुस्ती करायची तर क्रोमपासून सुरुवात करा. वरवरचा गंज असेल तर अल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासायचा. अल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत. मुलामाच सुटला असेल तर तो नव्याने चढवावा लागतो. ते घरी करायचं काम नाही, त्यातली क्रोमियमची रसायनं घातक असतात, आणि खर्च कधी कधी टेबलाच्या किमतीवर जातो. खुर्चीची बैठक मात्र सोपी. उलटी करा, स्क्रू काढा, स्टेपल उपटा. जुनं रेक्झिन फेकू नका, नवं कापायला तोच साचा. शिवाय दुमडीच्या आत ऊन न लागलेला मूळ रंग दिसतो, नवं रेक्झिन घेताना तो जुळवता येतो.

टेबलाच्या पृष्ठभागाशी मात्र खेळू नका. लोक लाकूड समजून सँडपेपर मारतात आणि वरचं कवच निघून छापील कागदच खरवडला जातो. लाकूड तासून पुन्हा पॉलिश करता येतं, पण या कागदाला दुसरी संधी नाही. काही जण जुना पत्रा उखडून नवा चिकटवतात. मला ते पटत नाही, मग उरतात फक्त पाय. वर्षानुवर्षं पावडरने घासून एका बाजूची चकाकी गेली असेल, तर जाऊ दे. रोज त्या बाजूला कुणीतरी जेवत होतं.

आपल्याकडे असाच पत्रा ‘सनमायका’ या ब्रँडच्या नावाने घराघरात शिरला. सुताराला आजही आपण कुठल्याही कंपनीचा पत्रा ‘सनमायका’ म्हणूनच सांगतो. त्यातही अभ्रक फक्त नावापुरतं.

तर टेबलाखाली काय सापडलं त्याचा फोटो नक्की पाठवा. चिकटवलेला च्युइंगम सापडला, तर नका पाठवू.