हप्तेबंदीचा कायदा आणि दख्खनचा शेतकरी

देशावर ज्या घराण्यांचीं मूळ गांवें आहेत, त्यांच्या जुन्या दप्तरांत एखादें पिवळें पडलेलें कर्जखत अजूनहि क्वचित् हातीं लागतें. मुद्दल थोडें, व्याज फार, आणि खालीं ऋणकोच्या सहीच्या जागीं नांगराची निशाणी. असल्याच कागदांवरून १८७५ सालीं दख्खनांत मोठा दंगा उसळला, आणि त्या दंग्यांतूनच पुढें कर्जफेडीची कायदेशीर हप्तेबंदी जन्मास आली. ती शेतकऱ्यास कां झेपली नाहीं, हें पाहण्यासारखें आहे.

१८६१ ते १८६५ ह्या काळांत अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें आपल्याकडील कापसास मोठा भाव आला, आणि सावकार सढळ हातानें कर्ज देऊं लागला. युद्ध संपतांच भाव उतरले. त्याच सुमारास जमीनमोजणीची तीस वर्षांची मुदत संपून सरकारनें फेरआकारणी केली व सारा वाढविला. सारा भरावयाचा तो रोख आणि ठरल्या वेळीं. म्हणून कुणबी पुन्हां सावकाराच्याच ओट्यावर जाई. खतावर खत चढे, आणि शेवटीं कोर्टाचा हुकूमनामा, जप्ती व कैद. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें लोकांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल करून वह्या व खतें जाळलीं. हें लोण पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पोंचलें. माणसांवर हात क्वचितच पडला; लोकांचा सारा राग कागदांवर होता.

सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें, आणि १८७९ सालीं पुणें, अहमदनगर, सातारा व सोलापूर ह्या चार जिल्ह्यांकरितां ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ झाला. खताच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार त्यानें न्यायाधीशास दिला. मुद्दल व व्याज वेगळें मांडावें, व्याजावर व्याज धरूं नये, व्याजाची बाकी मुद्दलापलीकडे जाऊं देऊं नये, असें ठरलें. कर्जापायीं होणारी कैद बंद झाली. स्पष्टपणें गहाण न दिलेली जमीन हुकूमनाम्यापोटीं विकतां येईना. शिवाय ठरलेली रक्कम हप्त्यांनीं फेडण्याची सवलत न्यायाधीशास देतां येऊं लागली.

कागदावर ही व्यवस्था निर्दोष दिसे. समजा, मुद्दल १०० रुपये होतें आणि व्याजासह येणें ३०० वर गेलें होतें. न्यायाधीशानें तें २०० वर आणलें, व दर साल २५ प्रमाणें ८ हप्ते बांधून दिले. कुणबी हात जोडून घरीं आला. पहिल्या वर्षीं पीक बरें आलें; हप्ता गेला. दुसऱ्या वर्षीं पावसानें ओढ दिली. हप्त्याची तारीख मात्र पुढें सरली नाहीं. बाजरी खळ्यांत असतांनाच सरकारचा सारा, पुढचें बियाणें व बैलांची वैरण हे खर्च दारांत उभे. मग २५ रुपये आणावे कोठून? बहुधा त्याच सावकारापाशीं, नवें खत लिहून. जुनें कर्ज जितकें उतरलें, तितकेंच नवें चढलें, आणि नव्यावर व्याज सुरू झालें. हप्ता चुकवावा, तर सावकाराची दरखास्त कोर्टांत येणार.

सावकाराचीहि एक बाजू होती. वसुली लांबल्यामुळें त्यानें हात आखडला. पुष्कळांनीं गहाणखताऐवजीं खरेदीखत लिहून घेण्यास प्रारंभ केला; पैसे फिटल्यावर जमीन परत देण्याचें वचन तोंडींच राही. अशा रीतीनें जी जमीन वाचवावयाची, तीच हातची जाऊं लागली. महादेव गोविंद रानडे ह्यांनीं ह्याच कायद्याखालीं खास न्यायाधीश म्हणून ह्या जिल्ह्यांतून फिरून काम केलें. नुसत्या कायद्यानें भागणार नाहीं, शेतकऱ्यास स्वस्त व्याजानें पैसा देणाऱ्या पेढ्या हव्यात, असा त्यांचा आग्रह होता.

पुढें १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ लागोपाठ आले, तेव्हां दयाळूपणानें बांधलेले हप्तेहि पुष्कळांस जड झाले. १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, त्याच्या मुळाशीं हाच अनुभव होता. कोर्टानें व्याजाचा अन्याय दूर केला, हें त्याचें मोठें श्रेय. परंतु हप्ता ठरवितांना त्यानें दप्तरांतील आंकडे पाहिले. तो फेडावयाचा होता शेतांतून, आणि शेताचा हिशेब पावसाच्या हातीं होता.