‘मी’च्या जागी ‘एथ’

मराठीतला आद्य गद्यग्रंथ ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी इ. स. १२७८च्या सुमारास आमच्या वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरास सिद्ध केला. त्यातल्या एका लहानशा शब्दाचा मी इथे विचार करणार आहे. श्रीचक्रधरस्वामी स्वतःविषयी बोलताना ‘मी’ टाळतात. ते ‘एथ’ म्हणतात, नाहीतर नुसते ‘हें’. ‘एथ’ म्हणजे इथे. ‘माझी इच्छा’ म्हणायचे तिथे ‘एथीची प्रवृत्ति’ येते. सर्वनामाचे काम स्थळ दाखवणारा शब्द करतो.

ही नम्रता म्हणावी, तर तिच्यासाठी मराठीत ‘दास’, ‘पामर’ असे शब्द आहेतच. ‘एथ’मध्ये स्वतःला कमी लेखणे नाही. राजेलोकांच्या ‘आम्ही’तला तोराही त्यात नाही. महानुभाव पंथ स्वामींना परमेश्वराचा अवतार मानतो. तो ईश्वर या देही, या जागी आहे, एवढेच हा शब्द दाखवतो, असे मला वाटते. कोण बोलतो ते न सांगता तो कुठून बोलतो ते सांगतो.

जागेने माणूस सुचवण्याची ही रीत आपल्याला अगदीच परकी नाही. नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या आपल्या पणज्या ‘इकडून सांगणं झालं’ म्हणत. फरक एवढाच की तिथे दुसऱ्याचे नाव झाकले जाई. ‘एथ’मध्ये बोलणाराच आपला ‘मी’ बाजूला ठेवतो.

जुनी सर्वनामे आजच्या कानांनी ऐकली की फसगत होते. इंग्रजीतला ‘दाउ’ हा मुळात एकवचनी ‘तू’. शेक्सपिअरच्या काळी तो जवळच्या मित्राला, लेकराला, नोकराला लावत; वरच्या माणसाला ‘यू’. पुढे बोलण्यातून ‘दाउ’ गेला आणि १६११च्या बायबलात व प्रार्थनांत राहिला. त्यामुळे घरगुती जवळिकीचा हा शब्द आज अनेकांना भारदस्त, आदरार्थी वाटतो.

‘एथ’वर वेगळे संकट आहे. सुबोध रूपांतर करणारा तिथे सहज ‘मी’ घालतो. वाक्य सोपे होते, पण बोलणारा बदलतो; स्वामी चारचौघांसारखे ‘माझे’ म्हणू लागतात. ज्यांनी स्वामींना ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन, विचारून म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या. प्रसंगांबरोबर बोलण्याची ढबही त्यांनी राखली, म्हणून हा शब्द आपल्यापर्यंत पोचला. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली, १९७८ साली निघालेली प्रत कोणीही उघडून पाहावी.

आता रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठ आले आहे. तिथल्या विद्यार्थ्यांच्या हाती सोपे ‘लीळाचरित्र’ जरूर द्यावे. ‘एथ’ला मात्र हात लावू नये, हवी तर खाली एक टीप द्यावी.