विनंती-संदर्भ (फ्लास्क)

विनंती-संदर्भ ही फ्लास्क या पायथन भाषेतील वेब फ्रेमवर्कमध्ये प्रत्येक विनंतीची माहिती स्वतंत्र राखण्याची व्यवस्था आहे. फ्लास्क आर्मिन रोनाखर यांनी २०१० मध्ये प्रथम प्रसिद्ध केले.

वेब सर्व्हर एकाच वेळी अनेकांच्या विनंत्या हाताळतो. अशा वेळी वापरकर्त्याचे नाव साध्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवल्यास एकाची माहिती दुसऱ्याच्या पानावर उमटू शकते. चाचणी बहुधा एकटाच प्रोग्रामर करीत असल्याने हा दोष तेव्हा सहसा लक्षात येत नाही. फ्लास्कमधील ‘रिक्वेस्ट’ ही वस्तू वरकरणी ग्लोबलच भासते. प्रत्यक्षात ती प्रतिनिधी (प्रॉक्सी) असून प्रत्येक वेळी चालू विनंतीच्या मूळ वस्तूकडे निर्देश करते. चालू विनंती कोणती, हे पूर्वी थ्रेडच्या ओळखीवरून ठरत असे. पायथन ३.७ मध्ये (२०१८) कॉन्टेक्स्ट व्हेरिएबलची सोय आली आणि पुढे फ्लास्कने तिचा अवलंब केला.

डेटाबेसची जोडणी यांसारख्या तात्पुरत्या गोष्टींसाठी ‘जी’ ही वस्तू वापरतात. हे नाव ‘ग्लोबल’चे आद्याक्षर असले तरी काहीसे फसवेच आहे, कारण तिच्यातील माहिती पुढील विनंतीपर्यंत टिकत नाही. ०.१० आवृत्तीपासून ‘जी’ विनंती-संदर्भाऐवजी उपयोजन-संदर्भाशी जोडलेली आहे. मात्र विनंती येताच हा संदर्भही आपोआप उभा राहतो. विनंती संपल्यावर, मध्येच त्रुटी उद्भवली तरीही, नोंदवलेली आवराआवरीची फंक्शने चालतात. जोडणी तेथेच बंद करणे अपेक्षित असते.

विनंतीदरम्यान सुरू केलेल्या नव्या थ्रेडला हा संदर्भ आपोआप मिळत नाही. तेथे ‘रिक्वेस्ट’ वापरल्यास ‘रनटाइमएरर’ येते. म्हणून आवश्यक मूल्ये आधीच काढून त्या थ्रेडकडे सोपवणे अधिक सुरक्षित ठरते.