कारची पीयूसी टेस्ट: जाण्याआधी गाडी आणि मोबाईल कसे तयार ठेवायचे?

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही आपल्या जिल्ह्याची म्हण सगळ्यांना पाठ आहे. पीयूसी काढायलाही बरेच जण याच हिशेबाने जातात. पास झाली तर झाली, नाहीतर पुढच्या सेंटरवर बघू! पण माझ्या मते ही टेस्ट म्हणजे दीडशे रुपयांच्या आत मिळणारा इंजिनाचा ब्लड रिपोर्ट आहे. तो नीट काढून घेतला आणि वाचला, तर पुढचा मोठा खर्च आधीच दिसतो. म्हणून गाडी आणि मोबाईल, दोन्हींची तयारी कशी करायची ते या लेखात टप्प्याटप्प्याने बघूया.

पीयूसी म्हणजे काय आणि कोणाला लागते?

पीयूसी म्हणजे पोल्युशन अंडर कंट्रोल, गाडीचा धूर मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ११५ नुसार ते लागतं.

- नवीन गाडीला नोंदणीपासून पहिलं एक वर्ष पीयूसी लागत नाही.
- त्यानंतर बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांची पीयूसी एक वर्ष चालते, त्याहून जुन्या गाड्यांची सहा महिने.
- बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांना ती लागतच नाही.

बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ हे १ एप्रिल २०२० पासून लागू झालं. तुमची गाडी कशात बसते ते आरसीवर लिहिलेलं असतं.

पीयूसी नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय तीन महिने लायसन्सही जाऊ शकतं. जागेवर भरायची तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवतं.

मशीन नेमकं काय मोजतं?

पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये एक नळी आत घालतात. मशीनमध्ये त्या वायूतून इन्फ्रारेड किरण जातात आणि ते किती शोषले गेले यावरून दोन मुख्य आकडे निघतात. कार्बन मोनॉक्साइड (सीओ) टक्क्यांत आणि हायड्रोकार्बन (एचसी) पीपीएममध्ये. सीओ म्हणजे अर्धवट जळालेलं पेट्रोल आणि एचसी म्हणजे न जळताच बाहेर पडलेलं पेट्रोल. दोन्ही तुमच्याच खिशातून जातं!

पेट्रोल कारसाठी आयडलिंगवरच्या मर्यादा अशा आहेत:

- बीएस-४: सीओ ०.३ टक्के, एचसी २०० पीपीएम
- बीएस-२ आणि बीएस-३: सीओ ०.५ टक्के, एचसी ७५० पीपीएम
- त्याआधीच्या गाड्या: सीओ ३ टक्के, एचसी १५०० पीपीएम

बीएस-४ गाडीला साधारण २५०० आरपीएमवर रेस देऊनही बघतात. तिथे सीओ ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्बडा १ च्या आसपास हवा. लॅम्बडा म्हणजे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तेव्हा लॅम्बडा बरोबर १ असतो.

डिझेलची टेस्ट वेगळी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतात आणि धुरातून किती प्रकाश अडतो ते मोजतात. असं अनेकदा करून सरासरी काढतात. मर्यादा बीएस-४ ला ५० हार्ट्रिज युनिट आणि त्याआधीच्या गाड्यांना ६५.

आठवडाभर आधी: गाडीची तयारी

१. एअर फिल्टर. जिंतूर, पालम, सोनपेठकडच्या शेतरस्त्यांवरून गाडी फिरत असेल, तर काळ्या मातीचा फुफाटा फिल्टरमध्ये बसतोच. डिझेल गाडीत फिल्टर चोंदला की हवा कमी पडते आणि काळा धूर येतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत सीओ वाढतो. इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीत कॉम्प्युटर पेट्रोल कमी करून घेतो, म्हणून तिथे आकड्यांवर फरक कमी पडतो. पण फाटक्या फिल्टरमधून गेलेली धूळ सेन्सर आणि इंजिन दोन्ही खराब करते. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नका, बदला.

२. स्पार्क प्लग. माझी २०१८ ची पेट्रोल, बीएस-४ गाडी. तीन वर्षं तिचे एचसीचे आकडे मी मोबाईलमध्ये लिहून ठेवले होते: ४८, ७१ आणि मग १६३. तिन्ही वेळा गाडी पासच होती, पण तिसरा आकडा बघून मी प्लग काढून दाखवले, तर त्यांची गॅप वाढलेली निघाली. प्लग बदलल्यावर पुढच्या वर्षी एचसी परत साठच्या आत आला. 'पास' एवढंच बघितलं असतं, तर हे कळलंच नसतं.

३. सायलेन्सरची गळती. पाइपला भोक असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि लॅम्बडाचा आकडा बिघडतो. थंड गाडी चालू करून 'फट-फट' आवाज येतो का ते ऐका.

४. ऑइल आणि कूलंट. डिझेल टेस्टमध्ये इंजिन पूर्ण रेसवर जातं. म्हणून ऑइलची पातळी, कूलंट आणि टायमिंग बेल्टची मुदत आधी तपासाच.

५. चेक इंजिन लाइट. आपल्याकडे पीयूसी मशीन फक्त सायलेन्सरमधला वायू मोजतं, डॅशबोर्डवरच्या दिव्याला विचारत नाही. पण दिवा पेटलेला असेल तर कारण शोधूनच जा.

मोबाईलवर गाडीची नाडी

एप्रिल २०१३ पासूनच्या बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ आहे. स्टिअरिंगखाली त्याचा सॉकेट असतो. काही शे रुपयांचा ब्लूटूथ डोंगल तिथे लावला की 'टॉर्क' किंवा 'कार स्कॅनर'सारख्या ॲपमध्ये इंजिनाचे आकडे दिसतात. टेस्टआधी मी एवढं बघतो:

- कूलंटचं तापमान: गरम इंजिनला साधारण ८५ ते ९५ अंश.
- लाँग टर्म फ्युएल ट्रिम: उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक.
- एरर कोड: पी ०३०० म्हणजे मिसफायर, पी ०१७२ म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, पी ०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही.

कोड 'क्लिअर' केल्याने दिवा विझतो, आजार बरा होत नाही. कॅलिफोर्नियात २००० सालच्या आणि त्यानंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांची तपासणी थेट ओबीडी सॉकेटमधूनच होते. तिथे आदल्या दिवशी कोड पुसून गेलात, तर सिस्टीम 'तयार नाही' असं दाखवते आणि गाडी परत पाठवतात.

टेस्टच्या दिवशी

गाडी थंड असताना नेऊ नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय सीओ आणि एचसीचं नीट रूपांतर करत नाही. गंगाखेड रोडला किंवा वसमत रोडला पंधरा-वीस मिनिटं चालवून थेट सेंटरवर जा आणि रांगेत इंजिन फार वेळ बंद ठेवू नका. टेस्टच्या वेळी एसी, लाइट, म्युझिक बंद आणि गाडी न्यूट्रलमध्ये. नंबर प्लेट पुसून ठेवा, कारण तिचा फोटो प्रमाणपत्रावर येतो.

एक महत्त्वाचं: गाडी गरम करायला बंद शेडमध्ये किंवा शटर ओढून इंजिन चालू ठेवू नका. सीओला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो.

राज्यात २०२२ च्या दरवाढीनंतर पेट्रोल, सीएनजी आणि एलपीजी कारला १२५ रुपये, डिझेलला १५० रुपये आणि दुचाकीला ५० रुपये असे दर झाले. सेंटरवरचा दरफलक बघून घ्या.

फेल झाली तर?

१४ जून २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार फेल गाडीला कारण लिहिलेली रिजेक्शन स्लिप मिळते. ती मेकॅनिकला दाखवा.

- सीओ जास्त: पेट्रोल जास्त जातंय. ऑक्सिजन सेन्सर, इंजेक्टर बघा.
- फक्त एचसी जास्त: मिसफायर. प्लग, कॉइल, कॉम्प्रेशन बघा.
- दोन्ही जास्त: कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही तपासा.
- डिझेलला काळा धूर: एअर फिल्टर, इंजेक्टर, टर्बोचा पाइप.
- निळा धूर: इंजिन ऑइल जाळतंय. हे काम टाळू नका.

प्रमाणपत्र खरं आहे का, कसं ओळखायचं?

'गाडी आणायची गरज नाही, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा' असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. नळी सायलेन्सरमध्ये गेलीच नाही, तर कागदावरचे आकडे तुमच्या गाडीचे नाहीत. पुढे रस्त्यावर तपासणी झाली तर अडकाल तुम्हीच. आणि तुमच्या गाडीचा धूर घेणारी पोरं तुमच्याच गल्लीतली असतात.

खऱ्या पीयूसीवर क्यूआर कोड असतो, मालकाच्या मोबाईलवर एसएमएस येतो आणि चेसिस व इंजिन नंबरचे बरेचसे आकडे झाकलेले असतात. परिवहन पोर्टलच्या पीयूसी विभागात गाडी नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकले की प्रमाणपत्र दिसतं. मुदत एमपरिवहन ॲपमध्येही बघता येते. आरसीला तुमचा चालू मोबाईल नंबर जोडलेला आहे ना, हे आधीच तपासा.

'आरटीओ चलन' नावाची एपीके फाइल व्हॉट्सॲपवर आली तर उघडू नका. तिच्यातून फोनमधले ओटीपी आणि बँकेचे पैसे चोरीला जातात. चलन फक्त सरकारी ई-चलन पोर्टलवर बघा.

नेहमीचे प्रश्न

एमएच-२२ गाडीची पीयूसी पुण्यात काढता येते का? हो. २०२१ पासून देशभर एकच नमुना आहे.

मोबाईलमधली पीयूसी चालते का? हो, एमपरिवहन किंवा डिजिलॉकरमधले कागद कायद्याने ग्राह्य आहेत.

पीयूसी नसेल तर विमा मिळतो का? सुप्रीम कोर्टाने १० ऑगस्ट २०१७ ला विम्याच्या नूतनीकरणासाठी पीयूसीची अट घातली होती. २०२४ मध्ये ती काढली. पण दंडाची तरतूद तशीच आहे.

आता फोनमध्ये दोन गोष्टी करून टाका. पीयूसीच्या मुदतीआधी दहा दिवसांचा रिमाइंडर लावा आणि मागच्या प्रमाणपत्रावरचे सीओ, एचसीचे आकडे नोट्समध्ये लिहा. पुढच्या वेळी तुलना करायला तेच कामाला येतील.