बास्केटबॉलच्या रिंगची उंची दहा फूटच का?

बास्केटबॉलच्या रिंगची प्रमाणित उंची १० फूट, म्हणजेच ३.०५ मीटर आहे. मैदानाच्या पृष्ठभागापासून रिंगच्या वरच्या कडेपर्यंत ती मोजली जाते. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ (फिबा) आणि अमेरिकेतील एनबीए यांच्या नियमांत सामन्याचा कालावधी, तीन गुणांच्या रेषेचे अंतर अशा अनेक बाबी भिन्न आहेत. रिंगची उंची मात्र एकच आहे. पुरुष, महिला आणि व्हीलचेअर बास्केटबॉल या सर्वांना हाच नियम लागू होतो.

उगम

हा आकडा गणिताने ठरलेला नाही. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे, वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयातील शिक्षक जेम्स नेस्मिथ यांनी हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता येईल असा खेळ रचला. चेंडू जोराने मारण्याऐवजी अलगद, कमानीत टाकावा लागावा, यासाठी लक्ष्य आडवे व डोक्यापेक्षा उंच ठेवण्याची त्यांची कल्पना होती. त्यांनी दोन खोकी मागितली. मिळाल्या त्या पीच फळांच्या टोपल्या. व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला त्या ठोकण्यात आल्या आणि तो कठडा सुमारे दहा फुटांवर होता. पुढे टोपलीच्या जागी लोखंडी रिंग व जाळी आली, मागे फलक आला; उंची तीच राहिली.

उंची आणि नेम

रिंगचा आतील व्यास सुमारे ४५ सेंटिमीटर, तर पुरुषांच्या चेंडूचा व्यास सुमारे २४ सेंटिमीटर असतो. वरून सरळ येणाऱ्या चेंडूला रिंगचे पूर्ण वर्तुळ खुले मिळते; तिरप्या चेंडूला ते अरुंद होत जाते. चेंडू आडव्या पातळीशी सुमारे ३२ अंशांहून कमी कोनात उतरला, तर तो रिंगला स्पर्श न करता आत जाऊ शकत नाही. म्हणूनच प्रशिक्षक उंच कमानीच्या फेकीवर भर देतात.

बदलाचे प्रयत्न

उंच खेळाडूंचा वरचष्मा कमी व्हावा म्हणून रिंग १२ फुटांवर न्यावी, असा आग्रह नेस्मिथ यांचे शिष्य व कॅन्सस विद्यापीठाचे प्रशिक्षक फॉग ॲलन यांनी धरला होता. १९५४ मध्ये एनबीएच्या एका सामन्यात हा प्रयोग झालाही. मात्र तो पुढे चालू राहिला नाही. रिंग वर नेली तरी हुकलेला चेंडू खाली येताना प्रथम उंच खेळाडूच्याच हाती लागण्याची शक्यता उरते, ही या उपायातील मूळ अडचण आहे. त्यामुळे नियमकर्त्यांनी इतर मार्ग निवडले. एनबीएने रिंगखालील प्रतिबंधित क्षेत्राची रुंदी १९५१ मध्ये ६ फुटांवरून १२ फूट आणि १९६४ मध्ये १६ फूट केली. अमेरिकी महाविद्यालयीन स्पर्धांत १९६७ ते १९७६ या काळात डंकवर बंदी होती.

मुलांसाठी सवलत

लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटर उंचीवर असते आणि चेंडूही लहान असतो. पूर्ण उंचीच्या रिंगपर्यंत चेंडू पोहोचविण्यासाठी मुले सारे शरीर झोकून देतात आणि फेकीची चुकीची पद्धत अंगवळणी पडते. शाळांच्या मैदानांवर आणखी एक दक्षता आवश्यक ठरते. पृष्ठभागावर नवा थर चढविला की तेवढ्याच प्रमाणात रिंगची उंची घटते. म्हणून डागडुजीनंतर ती नव्याने मोजणे इष्ट.