जुन्या कवाडांचे माप

जुन्या घराचे दर्शनी दुहेरी दार बदलायचे निघाले, की पहिला वाद लाकडावरून होत नाही, मापावरून होतो. बाजारातले तयार दार सात फुटांचे. घरची चौकट सहा फूट आणि वर चार बोटे. रुंदी वरच्या बाजूला एक भरते, उंबरठ्याशी दुसरीच. मग कोणीतरी सुचवतो, "त्यात काय एवढे? भिंत थोडी फोडा आणि मापात आणा!" सल्ला सोपा आहे खरा. पण तो मानण्यापूर्वी, वाचकहो, एक प्रश्न स्वतःला विचारावा. ही चौकट खरोखर बेमाप आहे, की तिचे माप आपणच विसरलो आहोत?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला जळगाव जामोदसारखे गाव चांगले. वऱ्हाडच्या उत्तर कडेला, सातपुड्याच्या पायथ्याशी हे वसले आहे. खानदेशातल्या जळगावाशी घोटाळा होऊ नये म्हणून जवळच्या जामोदचे नाव त्याला जोडले गेले. अकबराच्या काळच्या 'आईन-इ-अकबरी'त नरनाळा सरकारातला एक परगणा म्हणून त्याची नोंद आहे. पुढे निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल आला. 1803 च्या नोव्हेंबरात याच पट्ट्यात अडगावची लढाई झाली. मग पेंढाऱ्यांची धामधूम. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेला आणि 1905 मध्ये हा तालुका अकोल्यातून बुलढाणा जिल्ह्यात आला. राज्ये अशी बदलत असता गृहस्थाने भरवसा ठेवायचा कशावर? आपल्या कवाडावर, आणि त्यामागच्या अडसरावर!

तेव्हाच्या सुताराने दोन झडपा का केल्या, तेही पाहण्याजोगे आहे. एकच रुंद फळी टांगली, तर तिचे सगळे ओझे एका कडेला लोंबते. तिचे दोन भाग केले, की प्रत्येकाचे वजन निम्मे होते आणि ओढही निम्म्या अंतरावरून बसते. म्हणजे एका बाजूच्या आधारावरचा ताण चौथ्या हिश्श्यावर येतो. शिवाय बैलगाडी आत घ्यायची तर दोन्ही झडपा उघडाव्यात, एरवी एक पुरते. मोठ्या वाड्यांच्या झडपेतच आणखी एक लहान दिंडी असे. तिच्यातून येणाऱ्याला वाकून, डोके पुढे करूनच आत शिरावे लागे. पाहुण्याला ते नम्रतेचे, आणि दरोडेखोराला धोक्याचे!

आता मापाकडे वळू. फूट-इंच येण्यापूर्वी आपल्याकडे गज आणि तसू चालत. चोवीस तसूंचा एक गज. पण गज सगळीकडे सारखा नसे. परगणा बदलला की गजही बदले. त्यामुळे एका गावची दारे दुसऱ्या गावच्या मापात बसत नाहीत, यात सुताराचा दोष कोणता? माप वेगळे होते, पण प्रमाण सुटलेले नव्हते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त दाराची उंची घराच्या विस्तारावरून काढायला सांगितली आहे आणि रुंदी उंचीच्या निम्मी. म्हणजे दार घरावरून ठरे, दुकानावरून नव्हे.

त्याच ग्रंथात आणखी एक इशारा आहे. जे दार आपोआप उघडते ते उन्माद आणते, आणि जे आपोआप मिटते ते कुळाचा नाश करते. वाचून हसू येईल. पण कोणत्याही सुताराला विचारा, दार आपोआप केव्हा हलते? चौकट ओळंब्यात नसते तेव्हा! आणि चौकट ओळंब्याबाहेर गेली याचा अर्थ पुष्कळदा भिंत हलली किंवा पाया खचला. शास्त्रकाराने शकुनाच्या भाषेत सांगितले. गवंडी तेच ओळंब्याने सांगतो.

आपल्या पूर्णाकाठी तर हे फारच खरे आहे. इथली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दरवर्षी तिच्याबरोबर भिंती थोड्या वर उचलतात, थोड्या खाली बसतात. त्यात हा खारपाणपट्टा. क्षार ओलाव्याबरोबर भिंतीत चढतात, लोणा लागतो, खालची माती झडते आणि चौकटीचा पाय कुजतो. काटकोनात बसवलेली चौकट शंभर वर्षांनी तिरकी दिसली, तर ती सुताराची चूक समजू नका. जमिनीने लिहिलेला तो जमाखर्च आहे.

मग एकसारखी मापे आली केव्हा? आधी इंग्रजी अमलात सरकारी इमारतींबरोबर फूट-इंच आले. स्वातंत्र्यानंतर 1956 च्या कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारली गेली आणि 1958 पासून ती टप्प्याटप्प्याने व्यवहारात उतरली. दारांचे प्रमाण दहा-दहा सेंटिमीटरच्या पटीत ठरले. त्याने घरे स्वस्त झाली, काम लवकर होऊ लागले. हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. फक्त एक ध्यानात ठेवावे. हे प्रमाण नव्या भिंतींसाठी ठरले. जुन्या भिंतीला ते कोणी विचारलेच नव्हते.

म्हणून दार बदलताना आधी दोरी घ्या. रुंदी तीन ठिकाणी मोजा, उंची दोन्ही बाजूंनी. मग दोन्ही कर्ण ताणून पाहा. कर्ण सारखे नसतील तर चौकट तिरकी. ओळंबा सोडा. भिंत अजून हलते आहे का, लोणा कुठवर चढला आहे, हे पाहून आधी त्याचा बंदोबस्त करा. झडपा सर्वांत कमी भरलेल्या मापाने करा आणि पावसाळ्यात लाकूड फुगते, तेवढी फट सोडा. उंची जास्त असेल तर वर जाळीची चौकट बसवावी. घरात वारा येईल.

आणखी एक. पुष्कळ जुनी कवाडे बिजागरीवर नसून वर-खाली काढलेल्या गोल खुंट्यांवर फिरतात. त्यांचे ओझे खालच्या दगडावर उतरते. तीच जड झडप बिजागरीवर टांगली, की ओझे चौकटीच्या स्क्रूंवर येते आणि जुने लाकूड ते पेलत नाही. आणि भिंत फोडण्याचा मोह तर आवराच. मातीच्या धाब्याच्या घरात दारावरची तुळई त्या दोन बाजूंवरच टेकलेली असते. बाजू छाटली, की वरचे सगळे छप्पर अधांतरी!

आणि उतरवलेल्या जुन्या कवाडांचे काय? ती मोडीत जातात, नाहीतर शहरात शोभेला. 1842 मध्ये गव्हर्नर जनरल एलेनबरोने गझनीहून मोठी कवाडे वाजतगाजत आणवली. म्हणे ही सोमनाथाची. पुढे तपासणीत ती देवदाराची, गझनीकडच्याच घडणीची ठरली. सोमनाथाला ती कधी पोचलीच नाहीत; आग्र्याच्या किल्ल्यात पडून राहिली. चौकटीपासून सुटलेले दार असे पोरके होते. लोकांनी मानावे ते त्याचे गाव!

तुमच्या घरचे कवाड तसे पोरके होऊ देऊ नका. झडपा झिजल्या तर नव्या कराव्यात, त्यात वाईट काही नाही. पण चौकट राखावी, आणि काम सुरू होण्याआधी तिची मापे वहीत टिपून ठेवावीत. तुमच्या वाडवडिलांनी केवढे घर योजले होते आणि त्याखालची जमीन किती हलली, हे सांगणारा दुसरा कागद बहुतेक घरांत सापडत नाही.