घुंगरूभर सोने

एकादशीला आपण साबुदाणा खातो. तो ज्या कंदापासून होतो, त्याची विषारी जात किसून, पिळून तिची भाकरी करण्याची विद्या कॅरिबियन बेटांवरील तायनो लोकांना अवगत होती. हे अरावाक भाषाकुळातले लोक. आपला 'बटाटा' हा शब्दही मूळचा त्यांचाच; रताळ्याचे ते नाव पोर्तुगीजांनी इकडे आणले. असे शेती जाणणारे लोक पाहता पाहता कसे नाहीसे झाले, हा प्रश्न आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना घरचा वाटतो.

१४९२ साली कोलंबस हिस्पॅनिओला बेटाला लागला. आज तेथे हैती व डॉमिनिकन प्रजासत्ताक हे देश आहेत. १४९५ च्या सुमारास हुकूम निघाला: सोन्याच्या मुलखातील १४ वर्षांवरील प्रत्येकाने दर ३ महिन्यांनी, ससाण्याच्या पायात बांधतात ते घुंगरू भरेल इतके सोने द्यावे. ओढ्यात सोने आहे किती, हे कोणी पाहिले नाही. पुढे गावेच्या गावे स्पॅनिश मालकांना वेठीसाठी वाटून दिली गेली. राबते हात खाणीकडे गेले, कंद लावायला कोणी उरले नाही, आणि उपासमार आली.

देवीच्या साथीने हे लोक मेले, असे सांगण्याची रीत आहे. देवीने मारले हे खरेच. पण ती साथ तेथे १५१८ च्या अखेरीस पोचली. १५०८ च्या मोजणीत सुमारे ६० हजार तायनो होते. १५१४ साली उरले सुमारे २६ हजार!

१५११ साली माँतेसिनोस या धर्मोपदेशकाने भर चर्चमध्ये मालकांना जाब विचारला. त्यानंतर १५१२ साली बुर्गोसचे कायदे झाले. ५ महिने खाणकामानंतर ४० दिवस विसावा, ४ महिन्यांच्या गर्भारणीला खाणकाम माफ. कलमे चांगली होती. परंतु तपासनीस नेमायचे ते तिथल्याच स्पॅनिश रहिवाशांतून, आणि त्यांच्याही वाट्याला वेठीचे तायनो! मालकानेच मालकाची तपासणी केली तर मजुराच्या पदरात काय पडणार?

१५१९ साली एन्रिकियो हा तायनो नायक आपली माणसे घेऊन बाओरुकोच्या डोंगरात गेला. १५३३ साली स्पेनच्या राजसत्तेला त्याच्याशी तह करावा लागला. कलमांनी दिले नाही ते एकजुटीने मिळवले. मात्र तोवर मिळवणारे फार थोडे उरले होते.

तरीही ते समूळ संपले नाहीत. गयाना व सुरिनाम येथे लोकोनो अरावाक आजही नांदत आहेत. पोर्तो रिकोतील निम्म्याहून अधिक लोकांच्या मातृवंशात मूळ रहिवासी स्त्रियांची खूण सापडली आहे. हे लोक दुबळे होते म्हणून मेले, असे कोणी म्हणाले, तर त्याला एवढेच विचारावे: घुंगराचे माप कोणी ठरवले?